'वायरल छे, माजी': एका लॅटिन शब्दाची पार्श्वभूमी

भाद्रपदात आईला ताप आला. रावपुऱ्यातल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, घसा पाहिला, चिठ्ठीवर तापाची एक साधी गोळी लिहिली आणि म्हणाले, "वायरल छे, माजी. त्रण दिवसमां उतरी जशे." आईचं उभं आयुष्य बडोद्यात गेलंय, गुजराती तिला मराठीइतकीच येते. तरी रिक्षात बसल्यावर तिने विचारलंच, "वायरल म्हणजे ते मोबाइलवरचं ना गं? आणि मग पावरवाली गोळी का नाही दिली?"

पहिल्या प्रश्नाला मी हसले. दुसऱ्याचं उत्तर द्यायला गेले आणि न्यायमंदिरापर्यंत अडखळतच राहिले. व्हायरसवर अँटिबायोटिक चालत नाही, ते जिवाणूंवर चालतं, हे सांगितलं. पण "व्हायरस म्हणजे काय?" यावर माझ्याकडे 'विषाणू' एवढा एकच शब्द होता, आणि तो उच्चारताक्षणी मलाच खटकला. यात विष कुठलं? आणि अणू कुठला? भाषांतर हा माझा पोटापाण्याचा धंदा, त्यामुळे शब्द खटकला की झोप लागत नाही. त्या तापाच्या तीन दिवसांत आईच्या उशाशी बसून जे वाचलं, जुळवलं, त्याचं हे टिपण.

'व्हायरस' हा मुळात लॅटिन शब्द. रोमन लोक तो साधारण 'वीरुस' असा उच्चारायचे. त्याचा अर्थ एक नव्हता. चिकट, बुळबुळीत द्रव हा एक अर्थ. झाडाचा चीक, प्राण्यांचं वीर्य, गोगलगाईच्या मागे राहतो तसला ओला माग, सगळं त्यात बसायचं. दुसरा अर्थ विष, आणि त्यातही सापाचं. तिसरा अर्थ नाकाजिभेचा: उग्र दर्प, समुद्राच्या पाण्याची कडवट-खारट चव. रोमन कवी व्हर्जिलच्या शेतीवरच्या काव्यात, इसवी सनापूर्वी सुमारे 29 साली, देव काळ्या सापांना 'दुष्ट वीरुस' बहाल करतो; त्याच काव्यात पुढे माजावर आलेल्या घोडीच्या अंगातून पाझरतं तेही वीरुसच. म्हणजे अंगातून गळणारं, हाताला नकोसं वाटणारं काहीतरी, मग ते मारक असो वा नसो.

आता हे 'वीरुस' आपल्याला परकं वाटतं, पण ते आपल्याच भावकीतलं आहे. संस्कृतातलं 'विष' आणि लॅटिनमधलं 'वीरुस' एकाच मुळाची दोन रोपं. मध्ये 'र' कुठून आला? जुन्या लॅटिनमध्ये दोन स्वरांच्या मध्ये सापडलेल्या 'स'चा पुढे 'र' झाला. हे एकाच शब्दात बघायचं असेल तर उंदीर घ्या. लॅटिनमध्ये उंदीर म्हणजे 'मूस', आपल्या 'मूषका'चा सख्खा भाऊ. पण 'उंदराचा' म्हणायचं झालं की 'मूरिस'. स्वर मागून आला की 'स' गेला, 'र' बसला. सुनेचंही तसंच. संस्कृत 'स्नुषा' आपल्याकडे घासत घासत 'सून' झाली, आणि तीच रोमन घरात 'नुरुस' होऊन सासूच्या हाताखाली नांदत होती. ग्रीक लोकांनी तर या विषातला 'व'ही गिळला आणि 'स'ही, उरलं 'इओस'. आपल्याकडे गावाकडची जुनी माणसं 'विख' म्हणतात, म्हणजे आपण 'ष'चा 'ख' केला. एका विषाला प्रत्येक घराण्याने आपापल्या दातांनी चावलंय.

उंदीर निघालाच आहे तर थोडं वळण घेते. 'मूस'चं लाडकं, छोटं रूप 'मुस्कुलुस', म्हणजे उंदरुलं. त्यावरूनच इंग्रजीतला 'मसल'. दंड वाकवला की कातडीखाली काहीतरी पळाल्यासारखं दिसतं, रोमन माणसाला त्यात उंदीर दिसला. आपल्याकडची पोरं दंड फुगवून 'बेटकुळी' दाखवतात. आपल्याला त्यात बेडूक दिसला. मला विचाराल तर आपली नजर जास्त बरोबर आहे.

सारखे दिसणारे शब्द मात्र सगळेच भावकीतले नसतात. लॅटिनमध्ये 'विर' म्हणजे पुरुष, मर्द. तो आपल्या 'वीरा'चा भाऊ, त्याचा वीरुसशी काही संबंध नाही. आपल्याकडेही हीच फसगत आहे. टायफॉइडला मराठीत 'विषमज्वर' म्हणतात, आणि मी कित्येक शिकलेल्या माणसांना 'विषाचा ताप' असा अर्थ सांगताना ऐकलंय. त्यात विष नाही, विषम आहे: एकसारखा न राहणारा, चढउतार करणारा ताप. आयुर्वेदात तो शब्द एक दिवसाआड, दोन दिवसांआड येणाऱ्या तापांना होता, आज ज्याला आपण मलेरिया म्हणू त्याच्या जवळचा. टायफॉइडला तो नंतर चिकटला.

रोमन वैद्यकात 'वीरुस' कसा वापरला जायचा याचं सगळ्यात बोलकं उदाहरण सेल्ससचं आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला हा ग्रंथकार. पिसाळलेला कुत्रा चावला तर काय करावं हे सांगताना तो म्हणतो, 'कुकुर्बितुला' लावून त्याचं वीरुस ओढून काढावं. कुकुर्बिता म्हणजे भोपळा, कुकुर्बितुला म्हणजे भोपळी. वाचताना मी थांबलेच, कारण हे मराठीत शब्दशः आहे: तुंबडी! तुंबा म्हणजे कडू भोपळा, त्याची छोटी तुंबडी, ती तापवून जखमेवर लावायची आणि आतलं 'वाईट' ओढायचं. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकाच भाजीचं नाव एकाच उपचाराला दिलंय. (आपण त्यावर आणखी एक मजल मारली. दुसऱ्याच्या पैशाने स्वतःची तुंबडी भरणं रोमनांना बहुधा सुचलं नसावं, शब्दात तरी.)

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानातही हेच प्रकरण आहे. कल्पस्थान म्हणजे विषांचा भाग. त्याच्या सातव्या अध्यायाचं नाव मूषिककल्प, उंदरांच्या विषांवर. आणि त्याच अध्यायात पिसाळलेल्या कुत्र्याचा दंश येतो. पाण्याला भिणाऱ्या रोग्याचं, जलत्रासाचं, वर्णनही तिथेच आहे. जखम पिळून रक्त काढा, तापलेल्या तुपाने डागा, असा उपाय सांगितलाय. म्हणजे रोमचा ग्रंथकार त्या लाळेत 'वीरुस' पाहत होता आणि इकडचा वैद्य 'विष' पाहत होता. एकच रोग, एकाच मुळाचे दोन शब्द, मध्ये समुद्र. आणि गंमत अशी की रेबीज खरोखरच व्हायरसचा रोग निघाला. सेल्ससला अर्थातच यातलं काही माहीत नव्हतं. त्याच्या लेखी साप चावला काय आणि कुत्रा चावला काय, काहीतरी ओलं आत शिरलं, एवढंच.

नंतरची हजारबाराशे वर्षं सोडून देऊ; शब्द पोथ्यांत पडून होता. चौदाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत दिसतो, विष आणि पू याच अर्थाने. अठराव्या शतकात अर्थ जरा सरकला: एकाच्या अंगातून दुसऱ्याच्या अंगात जाऊन तोच रोग उठवणारा पदार्थ तो व्हायरस. सापाचं विष असं करत नाही. साप चावलेला माणूस दुसऱ्याला चावला तर दुसऱ्याला विष चढत नाही. 'पसरणं' हा गुण शब्दाला इथे चिकटला.

मग इंग्रज डॉक्टर जेन्नर. 14 मे 1796 रोजी त्याने, माणसाला देवीच्या रोगापासून वाचवायला, एका मुलाच्या दंडावर गायीच्या देवीच्या फोडातला द्रव टोचला आणि 1798 मध्ये त्यावर पुस्तिका काढली. गायीला लॅटिनमध्ये 'वाक्का', म्हणून गायीच्या देवीला 'वारिओले वाक्सिने', आणि त्यावरून 'व्हॅक्सिन'. हे बहुतेकांना ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते हे, की दंडात टोचल्या जाणाऱ्या त्या द्रवाला जेन्नर स्वतः 'काउपॉक्स व्हायरस' म्हणतो. म्हणजे ज्या गोष्टीपासून वाचायचं तोही व्हायरस आणि जी वाचवते तीही व्हायरस. हा गोंधळ चांगला शंभर वर्षं चालला. अमेरिकेत 1902 मध्ये लसींच्या शुद्धतेवर कायदा झाला, त्याच्या अधिकृत मथळ्यात 'व्हायरस, सीरम, टॉक्सिन आणि तत्सम उत्पादनांची विक्री' असे शब्द आहेत. विक्री! औषधाच्या दुकानात परवाना घेऊन विकायचा तो व्हायरस.

भारतात ही टोचणी मुंबईत आली, 14 जून 1802 रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर. बाटलीत भरून द्रव टिकत नसे, म्हणून एका मुलाच्या दंडावरच्या फोडातून दुसऱ्याच्या दंडावर, असा साखळीने तो बगदाद, बसरा करत आला होता. इंग्रजीत या द्रवाला हळूहळू 'लिम्फ' म्हणू लागले, तोही लॅटिनच, अर्थ निर्मळ पाणी. आणि मराठीत? मराठीत 'लस'. जखम चिघळली की त्यातून लस वाहते, ती लस. पाणचट, चिकट, अंगातून गळणारी. म्हणजे रोमन शेतकऱ्याने ज्याला 'वीरुस' म्हटलं असतं नेमकं तेच. आज लस म्हटलं की आपल्याला पोलिओचे थेंब, कोविडची सुई, निर्जंतुक बाटली आठवते. पू कोणालाच आठवत नाही. पण शब्दाच्या पोटात तो आहे.

इथे मला जे दिसलं ते असं: लॅटिनच्या त्या एका शब्दात दोन अर्थ एकमेकांत कालवलेले होते, चिकट द्रव आणि विष. मराठीने ते वेगळे काढले. चिकट द्रवाचं नाव दिलं बचावाला, विषाचं नाव दिलं रोगाला. 'विषाणूवर लस' असं आपण सहज म्हणतो, त्यात वीरुसचे दोन तुकडे आमनेसामने उभे आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या शब्दाची खरी झडती झाली, आणि तिथे आमचं बडोदं येतं.

वाल्डेमार हाफकिन पॅरिसच्या पाश्चर संस्थेतून 1893 मध्ये भारतात आला तो कॉलऱ्याची लस घेऊन. गिनीपिगमधून पुन्हा पुन्हा नेऊन तीव्र केलेल्या कॉलऱ्याच्या जंतूंना तो 'व्हायरस' म्हणायचा. आजच्या विद्यार्थ्याने असं लिहिलं तर परीक्षक लाल रेघ मारेल, कारण कॉलऱ्याचा जंतू जिवाणू आहे, बॅक्टेरिया. पण तेव्हा तसा भेद नव्हता. पाश्चरच्या घरात रोग पसरवणारा कुठलाही सूक्ष्म जीव तो व्हायरस. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला, हाफकिनने त्यावर लस केली, 10 जानेवारी 1897 रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. मग ती खरंच चालते का हे तपासायला त्याला एक सबंध गाव हवं होतं. ते मिळालं गायकवाडी मुलुखात, बडोद्याजवळचं उंडेरा. आता ते महानगरपालिकेच्या हद्दीत आलंय. रिफायनरीच्या बाजूला जाताना पाटी दिसते.

फेब्रुवारी 1898. गावात प्लेग शिरलेला. हाफकिनने कुटुंबं ओळीने बसवली आणि प्रत्येक कुटुंबातल्या साधारण निम्म्या माणसांना टोचलं, निम्म्यांना नाही. एकच घर, एकच पाणी, एकच उंदीर. आपल्या ताटात काय पडलं हे त्या गावकऱ्यांना कोणी नीट समजावलं होतं का, हा प्रश्न आज पडतो. तेव्हा तो विचारायची पद्धत नव्हती. नंतर ज्या 28 कुटुंबांत प्लेग झाला त्यांची मोजदाद अशी: टोचलेली माणसं 71, त्यातली 8 आजारी पडली, 3 गेली. न टोचलेली 64, त्यातली 27 आजारी पडली, 26 गेली. हाफकिनने हे आकडे पुढच्या वर्षी लंडनमध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडले. मी हे आकडे आईला वाचून दाखवले. तिने एवढंच विचारलं, "म्हणजे एकाच घरात थोरल्याला टोचलं आणि धाकट्याला नाही?" हो, तसंच.

उंडेऱ्यात जो शत्रू होता तो दिसणारा होता. प्लेगचा जंतू 1894 मध्ये हाँगकाँगला येर्सिनने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. पण त्याच 1898 साली युरोपात दोन ठिकाणी न दिसणारा शत्रू सापडला, आणि व्हायरस हा शब्द उंडेऱ्याच्या बाजूने उठून तिकडे जाऊन बसला.

गोष्ट एका गाळणीची आहे. पाश्चरचा सहकारी शांबरलाँ याने 1884 मध्ये बिनचकाकीच्या चिनीमातीची गाळणी केली. तिची भोकं इतकी बारीक की जिवाणू वर अडकतात, खाली स्वच्छ पाणी येतं. दुसरीकडे तंबाखूच्या पानांवर एक रोग होता: हिरव्या पानावर पिवळे-फिके चट्टे, पान आक्रसतं, पीक बसतं. आपल्याकडे भेंडीवर असं पिवळं पडलं की शेतकरी 'केवडा आला' म्हणतो, तसाच प्रकार. पेटलाद तालुका गायकवाडांचाच, आणि चरोतरातल्या तंबाखूची कीर्ती सांगायला नको, त्यामुळे असली पानं इकडच्या कोणाला अनोळखी वाटणार नाहीत. 1892 मध्ये रशियात इव्हानोव्स्कीने अशा पानांचा रस काढून त्या गाळणीतून गाळला. गाळलेला रस निरोगी पानाला लावला, तरी रोग आला! त्याला वाटलं, गाळणी फुटकी असेल किंवा जिवाणूने टाकलेलं विष खाली आलं असेल.

1898 मध्ये हॉलंडमधल्या डेल्फ्टला बायरिंकने हाच प्रयोग पुढे नेला. गाळलेल्या रसाने एक झाड आजारी पाडलं, त्याचा रस दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला. विष असतं तर दर वेळी पातळ होत गेलं असतं. ते पातळ होईना. याचा अर्थ ते वाढत होतं, पण फक्त जिवंत, वाढत्या झाडात. प्रयोगशाळेत जिवाणू वाढवतात तसल्या बशीतल्या रश्शात नाही. त्याने त्याला लॅटिनच नाव दिलं, 'कोन्टागियुम वीवुम फ्लुइडुम', संसर्ग करणारा जिवंत द्रव, आणि थोडक्यात म्हणायला 'व्हायरस'. पाहा, दोन हजार वर्षांनी शब्द फिरून मूळ घरी आला: द्रव. बायरिंक त्या बाबतीत चुकलेला होता, तो द्रव नव्हताच, अतिशय बारीक कण होते. पण चुकून का होईना, त्याने शब्दाचा सगळ्यात जुना अर्थ उकरून काढला. त्याच वर्षी जर्मनीत लोफ्लर आणि फ्रॉश यांनी दाखवलं की गुरांचा लाळ्या-खुरकूत रोगही गाळणीतून निसटतो. 1901 मध्ये वॉल्टर रीडने पीतज्वराबद्दल तेच सिद्ध केलं, आणि माणसाचा रोगही या यादीत आला.

म्हणून मग 'गाळणीतून निसटणारा व्हायरस' असं लांबलचक म्हणायची पद्धत पडली, बाकीच्या साध्या व्हायरसांपासून वेगळा दाखवायला. हळूहळू जे जे दिसत गेलं ते ते 'बॅक्टेरिया' होऊन घराबाहेर पडलं आणि निसटणारे तेवढे मागे राहिले. सगळेच निसटणारे म्हटल्यावर विशेषण गळलं. लहानपणी आम्ही 'रंगीत टीव्ही' म्हणायचो. आता कोण म्हणतं?

या शब्दाचं वळण मला इथे कळलं. जे दिसत नाही, हाती लागत नाही, त्याला 'व्हायरस' म्हणायचं. दिसलं की त्याला दुसरं नाव, आणि शब्द पुढच्या अंधाराकडे. 1918 च्या साथीचंच घ्या. आपल्याकडे लोक तिला मानमोडी म्हणायचे, माणूस मान टाकतो म्हणून. डॉक्टरांकडे तेव्हा एक दिसणारा संशयित होता, 1892 मध्ये फायफरने शोधलेला जिवाणू. बिचाऱ्याच्या नावातच अजून 'इन्फ्लुएंझे' आहे. खरा गुन्हेगार गाळणीतून निसटला होता. माणसाच्या फ्लूचा व्हायरस वेगळा काढता आला तो 1933 मध्ये.

1935 मध्ये वेंडेल स्टॅनलीने तंबाखूच्या त्याच रोगातून सुईसारखे स्फटिक काढले. मीठ-साखरेसारखे स्फटिक, बाटलीत भरून फळीवर ठेवता येतील असे, आणि पानाला लावले की रोग परत हजर. हे जिवंत की निर्जीव, यावर माणसं भांडली, अजून भांडतात. 1939 मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तो प्रत्यक्ष दिसला: काडीसारखा, मिलिमीटरचे 10 लाख भाग केले तर त्यातले 300 भाग लांब आणि 18 भाग जाड. इथे माझ्या नियमाप्रमाणे शब्दाने उठून जायला हवं होतं, कारण वस्तू दिसली. पण तो गेला नाही. बहुधा दमला असावा.

आता 'विषाणू'कडे. कोणी घडवला त्याच्याशी मला भांडायचं नाही. असे शब्द पाडणं सोपं नसतं, आणि ते बडोद्यात बसून म्हणणं तर कृतघ्नपणाचं. सयाजीरावांच्या अमदानीत इथे त्रिभुवनदास गज्जरांनी 1890 मध्ये कलाभवन उभं केलं, तंत्रविद्या देशी भाषेतून शिकवायची म्हणून आणि त्यासाठी शब्द हवेत म्हणून. 1931 मध्ये इथून 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' निघाला, राज्यकारभारातल्या शब्दांचा कोश, आठ भाषांचा; एका इंग्रजी शब्दासमोर गुजराती, मराठी, संस्कृत, फारसी, उर्दू, हिंदी, बंगाली प्रतिशब्द शेजारी शेजारी. एका संस्थानाने एवढा उपद्व्याप करावा याचं मला अजून नवल वाटतं.

'विषाणू'तलं 'विष' तर फारच नेमकं बसलंय, कारण ते वीरुसचं सख्खं भावंडच. ते जुळवणाऱ्याला ठाऊक होतं की नुसता कान तयार होता, कोण जाणे. खटकतं ते एवढंच, की व्हायरस विष नाही. विष मात्रेवर चालतं, जास्त घेतलं तर मारतं. व्हायरस पेशीत घुसून तिच्याच भट्टीवर स्वतःच्या प्रती भाजून घेतो. आणि 'अणू'ची आमच्याकडे वेगळीच मजा. महाराष्ट्रातल्या पुस्तकांत ॲटम म्हणजे अणू आणि मॉलिक्यूल म्हणजे रेणू. गुजराती पुस्तकांत ॲटम म्हणजे परमाणु आणि मॉलिक्यूल म्हणजे अणु. माझा भाऊ गुजराती माध्यमात शिकला, मामेभाऊ पुण्यात. सुट्टीत दोघं याच्यावरून हातघाईवर यायचे, आणि दोघांचंही बरोबर असायचं. 'विषाणू' आणि 'जिवाणू'मधला अणू मात्र या भांडणात नाही. तो नुसता 'अतिशय बारीक'. जिवाणू म्हणजे बारीक जीव, विषाणू म्हणजे बारीक विष. स्टॅनलीचे स्फटिक पाहिले असते तर दोन्ही भावांनी आपापल्या अणूचा दावा लावला असता.

राहिलं मोबाइलचं. 1983 मध्ये अमेरिकेत फ्रेड कोहेन नावाच्या विद्यार्थ्याने दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये घुसून स्वतःच्या प्रती काढणारा प्रोग्रॅम करून दाखवला. त्याचे शिक्षक लेनर्ड एडलमन यांनी त्याला 'व्हायरस' म्हटलं. तिथून पुढे जे जे एकाकडून दहांकडे जातं ते 'व्हायरल'. द्रव गेला, विष गेलं, आता तर रोगही गेला. उरलं फक्त पसरणं. आता व्हायरल होणं हे लोक मुद्दाम मागतात, त्यासाठी पैसे मोजतात. आईचा प्रश्न म्हणूनच वेडगळ नव्हता. नाव त्या दोन्ही गोष्टींचं खरंच एक आहे.

तिसऱ्या दिवशी तिचा ताप उतरला. डॉक्टर म्हणाले होते तसाच. त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीत डेंग्यूचे दोन रोगी निघाले, तोही व्हायरसचाच रोग, आणि सेक्रेटरीभाईंनी मला फळ्यावर मराठीत सूचना लिहायला सांगितली. गुजराती मजकूर त्यांनी स्वतः आधीच लिहिला होता. मी सवयीने लिहिलं: 'सध्या विषाणूजन्य तापाची साथ आहे. कुंड्यांत, टाक्यांत पाणी साठू देऊ नये.' संध्याकाळी तळमजल्यावरच्या काकू जिन्यात थांबल्या होत्या, हातात रिकामी कळशी.

"अगं, टाकीत कुणी विष घातलंय का? सकाळपासून मी नळाला हात लावला नाहीये."

मी खाली गेले, ओल्या फडक्याने 'विषाणूजन्य' पुसलं आणि त्या जागी 'वायरल' लिहिलं.